मावशींच्या येरझाऱ्या आणि काकांची बिडी

पत्र:

«मी म्हापशाजवळच्या एका वृद्धाश्रमात नर्सिंग सहायिका आहे. आमच्याकडे 71 वर्षांच्या एक मावशी आहेत. त्यांना चाळीस वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. आमच्या इमारतीला वरचा मजला नाही, तरी 'वरचे लोक' शिव्या देतात असं त्या म्हणतात. जेवण समोर ठेवलं की 'जेवणांत वीख घाल्लां' म्हणून ताट सारतात. गोळी गालात ठेवून नंतर थुंकतात. ओरडणं वाढलं म्हणून तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी रिस्पेरिडोन (भ्रम आणि आवाजांवरची गोळी) 2 मिलिग्रॅमवरून 4 केली. पॅसिटेन (थरथरीवरची गोळी) 2 मिलिग्रॅम सकाळ-रात्र चालूच आहे. पण आता संध्याकाळी त्या नुसत्या येरझाऱ्या घालतात, ताटावर पाच मिनिटंही बसत नाहीत. मला चोरटी म्हणतात. आंघोळीला नकार. रात्री उठून पडतील म्हणून व्यवस्थापनाने हात पलंगाला बांधायला सांगितलंय. ते मला पटत नाही. त्या आवाजाबद्दल बोलतात तेव्हा 'हो, मलाही ऐकू येतं' म्हणावं का?

दुसरे एक काका क्लोझापिन या मनोविकाराच्या औषधावर आहेत. आश्रमाने पंधरा दिवसांपूर्वी सगळ्यांची बिडी बंद केली. तेव्हापासून ते दिवसभर झोपून असतात, उशी लाळेने भिजते. सगळे म्हणतात, बरं झालं, शांत झाले. मला भीती वाटते.»

उत्तर:

भीती बरोबर आहे, म्हणून आधी काकांचं सांगतो. हे वाचून झाल्यावर लगेच सिस्टरांना सांगा आणि आजच त्यांच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन लावायला लावा.

तंबाखूच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत क्लोझापिन भराभर निकामी करतं. म्हणून बिडी ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो आणि डॉक्टरांनी तो तसा बसवलेला असतो. बिडी बंद झाली की काही दिवसांतच यकृताचा हा वेग उतरतो, आणि तीच गोळी, तेवढीच संख्या असूनही, रक्तात औषध वाढत जातं. ओलान्झापिन या तशाच दुसऱ्या औषधाचंही थोड्याफार प्रमाणात हेच होतं. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे बिडीऐवजी निकोटिनची गोळी चघळायला दिली तरी औषधाची पातळी खाली येत नाही. दिवसभर गुंगी, लाळ, उठताना चक्कर ही वाढलेल्या पातळीची चिन्हं असू शकतात. पुढे फिट येऊ शकते, झोपेत लाळ श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. बिडी बंद करणं वाईट नाही, डॉक्टरांना न कळवता ती एका दिवसात बंद करणं धोक्याचं. डोस कमी करायचा का, किती, रक्ततपासणी कोणती, हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही स्वतःहून गोळी बंद करू नका. आणि चुकून सलग दोन दिवस क्लोझापिन चुकलीच तर जुन्या डोसवर पुन्हा सुरू करायची नसते, 12.5 मिलिग्रॅमपासून चढत जावं लागतं. म्हणजे तेव्हाही फोनच.

फोन होईपर्यंत काकांना सपाट झोपवू नका. एका कुशीवर, डोकं थोडं उंच. पूर्ण जागे नसतील तर तोंडात पाणीही नको. आणि त्यांची शौचाची नोंद काढून बघा. क्लोझापिनने आतडं मंदावतं. कधी ते इतकं अडकतं की माणूस दगावतो, आणि हा धोका दुर्लक्षितच राहतो, कारण विचारणारं कोणी नसतं. या औषधावरच्या माणसाला दोन दिवस शौचाला झालं नाही तर सांगायचंच. पोट फुगलेलं असेल, दुखत असेल, उलटी होत असेल तर वाट पाहायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय. इसबगोल स्वतःच्या मनाने देऊ नका. कमी पाणी पिणाऱ्याच्या पोटात ते फुगून उलट अडकतं. ताप किंवा घशाची खवखव आली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी कोसळतात, म्हणून तर रक्ताची तपासणी सुरुवातीला दर आठवड्याला आणि पुढे ठरावीक अंतराने होते.

आता मावशी.

त्यांचा आजार चाळीस वर्षांचा आहे, येरझाऱ्या तीन आठवड्यांच्या. म्हाताऱ्या मनोरुग्णाच्या बाबतीत सगळ्यात जास्त चूक इथे होते. जे काही होईल ते 'त्यांच्या डोक्याचं' म्हणून खपवलं जातं. नव्याने जे सुरू झालं त्याचं कारण आधी गोळीत शोधायचं, मग पोटात, लघवीत, कानात, डोळ्यांत. सगळ्यात शेवटी डोक्यात.

डोस वाढल्यानंतर आलेली ही बसू न शकण्याची अवस्था अकथिझिया असण्याची दाट शक्यता आहे. हा रिस्पेरिडोनसारख्या औषधांचा ओळखीचा दुष्परिणाम. आतून तळमळ होते, पाय एका जागी ठरत नाहीत. गंमत अशी (गंमत कसली, दुर्दैवच) की पाहणाऱ्याला ती चिडचिड वाटते, म्हणून गोळी आणखी वाढवली जाते आणि तळमळही वाढते. ओळखायचं कसं? मावशी बसलेल्या असताना दोन मिनिटं फक्त त्यांचे पाय बघा. मांडी हलते का, टाच आपटते का, उभ्या असताना वजन या पायावरून त्या पायावर जातं का. मग सरळ विचारा, «भीती वाटते म्हणून चालता, की पाय राहत नाहीत म्हणून?» बरेच जण याचं उत्तर अगदी नेमकं देतात, त्यांना कोणी विचारलेलं नसतं एवढंच. डॉक्टरांना सांगताना 'अस्वस्थ आहेत' एवढ्यावर थांबू नका. «4 मिलिग्रॅम सुरू केल्यापासून बसवत नाही, पाय सतत हलतात, जेवण अर्धवट राहतं» असं सांगा. पॅसिटेन चालू आहे म्हणजे हे होणार नाही असं समजू नका. पॅसिटेन हातापायांच्या थरथरीवर आणि ताठरपणावर चालते, या तळमळीवर तिचा फारसा उपयोग होत नाही.

पॅसिटेनचा विषय निघालाच आहे तर जेवणातल्या विषाकडेही त्याच बाजूने बघा. या गोळीने तोंडाला कोरड पडते. कोरड्या तोंडात चव बिघडते, घास कडू लागतो, कवळी टोचते. ज्या माणसाच्या मनात आधीच संशय आहे, त्याला कडू घासाचा अर्थ लावायला फार लांब जावं लागत नाही. टॉर्च घेऊन तोंड बघा: जीभ कोरडी, भेगाळलेली आहे का, गालाच्या आत पांढरे चट्टे आहेत का, कवळीखाली जखम आहे का. जेवणाआधी चूळ भरायला द्या, दोन घोट पाणी पाजा, कवळी रोज रात्री काढून धुऊन पाण्यात ठेवा. म्हाताऱ्या माणसाला याच गोळीने बद्धकोष्ठ होतं, लघवी अडते, विसराळूपणा आणि गोंधळ वाढतो. ती अजून लागते का, लागत असेल तर किती, हा प्रश्न पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवायला सिस्टरांना सांगा. तीही एकदम बंद करायची नसते.

तरी संशय राहीलच. त्यावर वाद घालून कोणी जेवलेलं नाही. जे चालतं ते असं: ताट आतून वाढून आणू नका, मावशींच्या डोळ्यांसमोर सगळ्यांच्या टोपातून वाढा, आणि डाव शक्यतो त्यांच्याच हातात द्या. दोन ताटं ठेवा, हवं ते त्यांनी निवडावं. सोललेल्या केळ्यापेक्षा सालीसकट केळं, फोडलेल्या बिस्किटापेक्षा बंद पुडा, उकडलेलं अंडं कवचासकट. तुम्ही त्याच पातेल्यातलं त्यांच्यासोबत बसून खाल्लंत तर उत्तम. नाहीच म्हणाल्या तर ताट उचला, वीस मिनिटांनी पुन्हा विचारा. आणि एक गोष्ट कधीही करू नका: पेजेत गोळी कुटून मिसळणं. एकदा जरी ती जिभेला लागली तर विषाचा संशय खरा ठरला. त्यानंतर पेजही गेली आणि तुमच्यावरचा विश्वासही. शिवाय काही गोळ्या कुटायच्या नसतात, त्यातलं औषध एकदम सुटतं. दोन जेवणं सलग चुकली, किंवा दिवसभरात पाणी अर्धा लिटरही गेलं नाही, तर सांगायचं. आठवड्याला एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन.

गोळी थुंकण्यामागेही बहुतेक वेळा कारण असतं. कोरड्या तोंडात ती चिकटते, किंवा 'हिने माझे पाय जळतात' असा अनुभव असतो, जो वरच्या तळमळीमुळे खराच आहे. पद्धत अशी ठेवा. मावशींना ताठ बसवा. आधी एक घोट पाणी. गोळी पाकिटातून त्यांच्यासमोर काढा आणि नाव सांगा. एका वेळी एकच गोळी, वर अर्धा पेला पाणी. मग पाच-दहा मिनिटं तिथेच बसा, गप्पा मारा. बोलणाऱ्या माणसाला गोळी गालात सांभाळणं अवघड जातं. तोंड बघायचं असेल तर «आ करा» असा हुकूम नको, «कवळी नीट बसली का बघू» म्हणून बघता येतं. थुंकलेली गोळी सापडली तर रागावू नका आणि ती पुन्हाही देऊ नका, कारण किती विरघळली ते कळत नाही. वेळेसह लिहा आणि सिस्टरांना दाखवा. वारंवार होत असेल तर तोंडात विरघळणारी गोळी, पातळ औषध किंवा काही आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन असे पर्याय डॉक्टरांकडे असतात. पण डॉक्टरांना हे कळायला हवं. तीन आठवड्यांपूर्वीचं ओरडणं गोळी पुरत नव्हती म्हणून होतं की ती पोटात जातच नव्हती, हे तुमच्या नोंदीशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. गोळी आता जायला लागली असेल, तर वाढवलेले 4 मिलिग्रॅम त्यांना फारच झाले असतील.

तुम्ही विचारलेला प्रश्न: 'मलाही ऐकू येतं' म्हणावं का? नाही. ते खोटं आहे, आणि आजारी माणसाला ते लवकर कळतं. पण 'असं काही नाही, वर कोणी राहतच नाही' हेही नको. त्या आवाज कानाने ऐकतात. तुम्ही नाही म्हटलंत की त्यांच्या लेखी तुम्ही एक तर बहिऱ्या किंवा वरच्यांना सामील. मधली वाट अशी:

«वरचे पुन्हा शिव्या देतायत.»
«मला नाही ऐकू येत, मावशी. पण तुम्हाला त्रास होतोय, ते दिसतंय. काय म्हणतायत?»
«म्हणतात, तू खाऊ नको.»
«असं सतत ऐकून भीती वाटणारच. मी इथेच आहे. व्हरांड्यात बसूया थोडा वेळ?»

'काय म्हणतायत' हे विचारणं म्हणजे चौकशी नव्हे, तपासणी आहे. आवाज नुसते शिव्या देतात की काही करायला सांगतात, यावर धोका ठरतो. खाऊ नको, बाहेर निघून जा, स्वतःला इजा कर, अमक्याला मार, असा हुकूम असेल तर सिस्टरांना लगेच सांगा आणि तोवर मावशींना एकटं सोडू नका. हुकूम नसेल तर आवाजावरून लक्ष हटवणं पुरतं. मोठ्याने काही म्हणणं यात खरंच मदत करतं: अभंग, आरती, ख्रिस्ती घरातल्या रहिवाशाला तेर्स (जपमाळेची प्रार्थना). गुणगुणताना बऱ्याच जणांचे आवाज तेवढ्यापुरते मागे पडतात. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस कोसळत असतो तेव्हा, किंवा टीव्ही कोणी बघत नसताना नुसता चालू असतो तेव्हा आवाज वाढतात का, तेही बघा. आणि कान तपासून घ्या. कानात मळ साचला किंवा ऐकू कमी आलं की अर्धवट कानावर पडलेल्या शब्दांचा अर्थ मनच भरून काढतं, आणि संशयी माणसाचं मन तो आपल्याविरुद्धच भरतं. डोळ्यांचंही तसंच: मोतीबिंदू, रात्रीचा मिणमिणता दिवा, दोरीवर वाळत टाकलेला कपडा.

इथे गोव्याचं म्हणून एक वेगळं सांगायला हवं. एखादी आजी म्हणाली की गावचा राखणदार (गाव राखणारा देव) रात्री फेरी मारतो, तर ते लगेच आजाराच्या खाती टाकू नका. तिच्या गावात शंभर माणसं तेच मानतात. तो आपल्याला राखतो म्हणून ती निवांत झोपत असेल तर औषधाचा तिथे काय संबंध? देवचार (गावातली अदृश्य शक्ती) मलाच निवडून छळतो, मला विहिरीकडे बोलावतो, असं नव्याने सुरू झालं, झोप-जेवण सुटलं, तर मात्र कळवायचं. घरचे घाडीकडे (देवाचा कौल लावणाऱ्याकडे) नेऊ म्हणाले तर भांडू नका. गोळी मात्र एकही चुकवू नका, एवढी अट घाला.

'चोरटी' हा शब्द लागतो, हे समजतं. तरी सफाई देऊ नका. «काय हरवलं? चला, दोघी मिळून शोधू.» सापडलं तर 'बघा, इथेच होतं' हेही गिळून टाका. कुलपाचा एक छोटा डबा द्या आणि किल्ली त्यांच्या गळ्यात. त्यांच्यासमोर दोघींनी कुजबुजणं किंवा हसणं बंद. कोकणी बोलणाऱ्या मावशींच्या डोक्यावरून तुम्ही हिंदीत किंवा कन्नडमध्ये बोललात तर ते आपल्याबद्दलच आहे, अशी त्यांची खात्री होते. त्या खोलीत मोबाईल हातात धरून उभं राहणंही टाळा, फोटो काढतात असं वाटतं. खरंच कोणी फोटो काढून ग्रुपवर टाकत असेल तर तो आजाराचा संशय नाही, खरोखरचा गैरप्रकार आहे.

आंघोळीचं एवढं मनावर घेऊ नका. रोज डोक्यावरून पाणी घ्यायलाच हवं असं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पूर्ण आंघोळ, आणि रोज तोंड, काखा, स्तनांखाली, जांघा, पाय पुसून कोरडे केले की त्वचा नीट राहते. नकाराचं कारण बहुधा थंडी, उघडं पडण्याची लाज किंवा कोणी बघतंय ही भीती असते. खिडकीला पडदा, पाणी आधी तुमच्या कोपराला लावून बघा, अंगावर टॉवेल ठेवूनच एकेक भाग धुवा, तांब्या त्यांच्या हातात. 'आंघोळ करता का?' या प्रश्नाला उत्तर 'नाही' असंच येतं. «आधी पाय धुवूया की हात?» असं विचारा.

आता रात्रीचं बांधणं. हे करू नका, आणि का नाही ते व्यवस्थापनाला कागदावर दाखवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई आहे. शारीरिक बंधन फक्त तेव्हाच, जेव्हा तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा काहीच मार्ग नाही, आणि तेही उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ, नोंद करून. कर्मचारी कमी आहेत हे बंधनाचं कारण होऊ शकत नाही, असंही कायदा स्पष्ट म्हणतो. आणि व्यवहार बघितला तरी बांधलेला म्हातारा माणूस सुटायच्या धडपडीत जास्त वाईट पडतो. अंथरुणात लघवी होते, कातडी सोलते. तळमळ असलेल्याला बांधणं तर छळच.

पडणं टाळायचं तर आधी बीपी बघा. मावशींना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्या. मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. उभं करताना हाताशी धरा, चक्कर आली तर तिथेच थांबा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. रिस्पेरिडोनने हे होतं, बीपीच्या गोळीने भर पडते आणि मेच्या घामाने आणखी. त्यांना उठायची सवय अशी लावा: आधी कुशीवर, मग पलंगाच्या कडेला बसून घोटे हलवत एक मिनिट, मग उभं. पलंग ठेंगणा, बाजूला गादी. रात्री दहाला आणि पहाटे साडेतीन-चारला तुम्हीच लघवीला न्या, कारण पडतात ते बहुधा लघवीला घाईने उठताना. पलंगाजवळ कमोडची खुर्ची, वाटेवर छोटा दिवा, रबरी तळाच्या सपाता. वीज जाण्याचे दिवस असतील तर बॅटरीचा दिवा.

एखाद्या दिवशी मावशी तासा-दोन तासांत वेगळ्याच झाल्या तर ते मात्र वेगळं प्रकरण आहे. सकाळी पेंगुळलेल्या, दुपारी ठीक, रात्री पुन्हा गोंधळलेल्या. समोर मुलं, किडे दिसू लागलेले. तुमचं नाव आठवत नाही. स्किझोफ्रेनिया असा एका दिवसात पालटत नाही, आणि त्यात ऐकू येणं जास्त असतं, नव्याने दिसू लागणं कमी. हा डिलिरियम असू शकतो, म्हणजे शरीरातल्या बिघाडाने मेंदू गोंधळणं. सोपी चाचणी म्हणजे वार उलटे म्हणायला सांगणं: रविवार, शनिवार, शुक्रवार... आज मावशी ठीक आहेत तेव्हाच एकदा विचारून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येईल. जमत होतं ते जमेनासं झालं तर तापमान, नाडी, ऑक्सिजन, बीपी, शुगर मोजा. लघवी किती, कशी, शेवटचं शौच कधी, नवी गोळी कोणती, हे लिहा आणि त्याच दिवशी डॉक्टर. मुळात लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा साधं बद्धकोष्ठ निघतं.

तक्रारही भ्रमाच्या भाषेत येते, तिचा अनुवाद तुम्हालाच करावा लागतो. 'पोटात साप फिरतो' म्हणाल्या तर पोट दाबून बघा, शौचाची नोंद बघा. 'छातीवर कोणीतरी बसलाय' म्हणाल्या, घाम आला, दम लागला, तर तो हृदयविकाराचा झटका समजूनच हलायचं.

गिळण्याबद्दल थोडं. मनोविकाराच्या या औषधांनी घशाचे स्नायू मंदावतात आणि घाईने खाणारे बरेच असतात, त्यामुळे घास अडकतो. ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, जेवणानंतर अर्धा तास आडवं नको. कोरडा उंडा (पाव) किंवा पोळी तशीच देऊ नका, चहात पूर्ण भिजवून द्या. पेज सोपी वाटते, पण पातळ पाणी आणि त्यात तरंगणारी शितं हे मिश्रण कमजोर गिळणाऱ्याला अवघड जातं. घोटून दाट करा. मासळी काटा काढून, तोही बोटांनी चाचपून. जेवताना खोकला आला किंवा आवाज ओला, घशात पाणी अडकल्यासारखा झाला तर थांबा आणि सांगा. तोंड रिकामं असतानाही चघळल्यासारखं किंवा जीभ बाहेर येणं चालू असेल तर आधी कवळी तपासा. कवळी ठीक असेल तर ही औषधांमुळे उशिरा सुरू होणारी हालचाल असू शकते. तीही नोंदवा, पॅसिटेनने ती कधीकधी वाढते.

दिवसभर नुसतं बसून राहणं हा आळस नव्हे. इच्छा उगवणंच आजाराने मंदावतं. 'काहीतरी करा' म्हणून ते होत नाही. रोज त्याच वेळी, दहा-पंधरा मिनिटं, शेजारी बसून सुरुवात तुम्ही करा: अळसांदे (चवळी) निवडणं, लसूण सोलणं, अबोलीची फाती (गजरा) करणं. दोन निवडून उठल्या तरी झालं.

अंगावर येतील असं वाटलं तर हातभर अंतर, समोरासमोर न राहता थोडं तिरकं उभं राहा, दार त्यांच्यासाठी मोकळं, बोलणारी एकच. टीव्ही बंद, बाकीचे बाहेर. वाक्यं छोटी. दहा मिनिटं काही करायला सांगू नका. आणि नंतर नोंद. «रात्री आक्रमक झाल्या» या नोंदीवरून डॉक्टर गोळी वाढवण्याखेरीज दुसरं काय करणार? अशी लिहा:

«रात्री 9.40. टीव्ही मोठा. दोघी दारात बोलत होतो. मावशी म्हणाल्या, माझ्याबद्दल बोलता. उजवा हात उगारला, मारला नाही. टीव्ही बंद केला, एक जण बाहेर गेली. 12 मिनिटांनी बसल्या, पेलाभर पाणी घेतलं. पाय सतत हलत होते. शौच नाही, तिसरा दिवस. रात्रीची गोळी 8.30 ला गिळलेली बघितली.»

अशा सात दिवसांच्या नोंदी, गोळ्यांची यादी आणि बीपीचे आकडे घेऊन मावशींना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. आश्रम कोणत्याही डॉक्टरांशी जोडलेला नसेल तर बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयाच्या ओपीडीत. सात दिवस पूर्ण होण्याची वाट येरझाऱ्यांसाठी पाहू नका, तो फोन उद्या सकाळी करा. प्रचंड ताप, अंग लाकडासारखं ताठ, घाम आणि शुद्ध हरपत चालली असं एकत्र दिसलं तर 108 ला (रुग्णवाहिकेला) फोन, आणि रुग्णालयात सांगा की त्या रिस्पेरिडोनवर आहेत. हा त्या औषधांचा दुर्मिळ पण जिवावरचा दुष्परिणाम असू शकतो. फिट, घास अडकणं, छातीचं दुखणं, जागं करूनही न उठणं, यालाही 108च. रात्री-अपरात्री मानसिक त्रासाबद्दल विचारायचं तर टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा फोन फुकट आहे. तो रहिवाशांइतकाच तुमच्यासाठीही आहे.